डीएचसीपी पूल: स्विच कोणता आयपी कोणाला देतो आणि का

डीएचसीपी म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांना आपोआप आयपी पत्ते वाटायची पद्धत, आणि पूल म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा. स्विचवर असा पूल तयार केला, कॉन्फिगरेशन सेव्ह केलं, लॅपटॉपची केबल पोर्टमध्ये लावली आणि मिनिटभराने आयपी बघितला, तर १६९.२५४ ने सुरू होणारा भलताच आकडा. नेटवर्कच्या कामात नव्याने आलेल्या प्रत्येकाची या आकड्याशी कधी ना कधी गाठ पडते. हा पत्ता स्विचने दिलेला नसतो. कोणीच उत्तर दिलं नाही, म्हणून लॅपटॉपने तो स्वतःच घेतलेला असतो, १६९.२५४.०.० हा पट्टा खास त्यासाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे लॅपटॉपने हाक मारली होती, स्विचमध्ये पूलही होता, तरी उत्तर आलं नाही.

उत्तर का आलं नाही हे समजून घेणं मला आज्ञा पाठ करण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. पूल बनवायच्या आज्ञा पाच-सहाच आहेत आणि त्या कुठेही सापडतात. पण स्विच अनेक पूलमधून नेमका एक कसा निवडतो, हे फारसं कोणी समजावून सांगत नाही, आणि बहुतेक घोळ तिथेच होतात.

आधी मुळातला संवाद बघू. नेटवर्कवर नव्याने आलेल्या यंत्राकडे स्वतःचा पत्ता नसतो आणि पत्ते वाटणारा सर्व्हर कुठे आहे हेही त्याला माहीत नसतं. म्हणून ते ०.०.०.० वरून २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे सगळ्यांनाच, विचारतं: मला पत्ता देणारं कोणी आहे का? हा डिस्कव्हर. सर्व्हर सांगतो, १९२.१६८.२०.५० मोकळा आहे, देऊ का? ही ऑफर. यंत्र म्हणतं, चालेल, हाच द्या. ही रिक्वेस्ट. सर्व्हर आपल्याकडे नोंद करून पक्कं करतो, ते अ‍ॅक. असे चार निरोप, सर्व्हरकडे यूडीपीचं ६७ नंबरचं पोर्ट आणि यंत्राकडे ६८. तिसरा निरोप, रिक्वेस्ट, हासुद्धा सगळ्यांना ऐकू जाईल असाच पाठवला जातो. त्यामुळे दुसऱ्या एखाद्या सर्व्हरनेही ऑफर दिली असेल, तर आपली ऑफर घेतली गेली नाही हे त्याला कळतं आणि तो आपला पत्ता पुन्हा मोकळा करतो.

यातली पोर्ट आणि निरोपाचा साचा १९८५ च्या बूटपी या जुन्या प्रोटोकॉलमधून आले. बूटपीत प्रत्येक यंत्राची नोंद सर्व्हरवर हाताने करून ठेवावी लागे. १९९३ मध्ये डीएचसीपीचा पहिला मसुदा आला, १९९७ मध्ये आजही वापरात असलेली आवृत्ती आली, आणि बूटपीच्या तुलनेत डीएचसीपीत मोठी भर पडली ती मुदतीची. पत्ता कायमचा द्यायचा नाही, ठरावीक काळासाठी उसना द्यायचा. या मुदतीला लीज म्हणतात आणि तिच्याकडे आपण पुढे येऊच.

नाव नाही, गणित

समजा, स्विचवर तीन व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर केलेले नेटवर्कचे वेगवेगळे भाग, आहेत: २० कर्मचाऱ्यांसाठी, ३० फोनसाठी, ४० पाहुण्यांच्या वायफायसाठी. प्रत्येकासाठी एकेक पूल केला आहे. व्हीलॅन २० मधल्या लॅपटॉपने डिस्कव्हर पाठवला. आता स्विचला कसं कळणार की कर्मचाऱ्यांचा पूल वापरायचा?

पूलचं नाव 'व्हीलॅन२०' ठेवलं की तो व्हीलॅन २० ला जोडला गेला, असा पुष्कळांचा समज असतो. स्विच त्या नावाकडे बघतही नाही. नाव फक्त आपल्या सोयीसाठी असतं. स्विच बघतो ते असं: हा निरोप माझ्या कोणत्या इंटरफेसवर, म्हणजे नेटवर्कच्या कोणत्या दारावर, आला? व्हीलॅन २० च्या. त्या इंटरफेसवर माझा स्वतःचा पत्ता काय आहे? १९२.१६८.२०.१. मग हा पत्ता ज्याच्या नेटवर्कमध्ये बसतो असा एखादा पूल माझ्याकडे आहे का? असला तर त्यातून पत्ता द्यायचा. नसला तर गप्प राहायचं.

सुरुवातीच्या १६९.२५४ चं बहुतेक वेळा मूळ या शेवटच्या वाक्यात असतं. पूलमध्ये १९२.१६८.२०.० ऐवजी चुकून १९२.१६८.२.० टाइप झालं, तर स्विच ती ओळ बिनतक्रार स्वीकारतो, कारण त्याच्या दृष्टीने ते एक वैध नेटवर्क आहे. फक्त त्या नेटवर्कमधला पत्ता कोणत्याच इंटरफेसवर नसल्यामुळे तो पूल कधी वापरलाच जात नाही. व्हीलॅन इंटरफेसवर आयपी टाकायचाच राहिला, तरी परिणाम तोच. इंटरफेस शटडाउन असेल किंवा त्या व्हीलॅनमधलं एकही पोर्ट चालू नसेल, तरीही तोच. चारही वेळा स्क्रीनवर एकही त्रुटी दिसत नाही. म्हणून पूलच्या ओळी दहादा तपासण्यापेक्षा आधी इंटरफेस चालू आहे का, त्यावर पत्ता कोणता आहे आणि पूलचं नेटवर्क आणि मास्क (नेटवर्क किती मोठं हे सांगणारा आकडा) त्याच्याशी जुळतात का, हे शेजारीशेजारी ठेवून बघावं.

आणखी एक, हे काम लेअर थ्री स्विचचं, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात निरोप नेऊ शकणाऱ्या स्विचचं. फक्त लेअर टू असलेला साधा स्विच निरोप इकडून तिकडे पोहोचवतो, पत्ते सहसा वाटत नाही.

सर्व्हर दुसऱ्याच इमारतीत किंवा दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असेल तर? ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना मारलेली हाक, व्हीलॅनबाहेर जात नाही, त्यामुळे तिथे रिले, म्हणजे निरोप्या, लागतो. सिस्को या कंपनीच्या भाषेत व्हीलॅन इंटरफेसवर 'आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस' आणि पुढे सर्व्हरचा पत्ता. मग स्विच डिस्कव्हर उचलतो, निरोपातल्या एका ठरलेल्या रकान्यात आपल्या त्या इंटरफेसचा पत्ता लिहितो आणि तो थेट सर्व्हरकडे धाडतो. सर्व्हर तो रकाना वाचून त्यात बसणारा पूल निवडतो. म्हणजे गणित तेच, फक्त करणारा दूर आहे. सर्व्हर उत्तर त्याच रकान्यातल्या पत्त्याला पाठवतो, म्हणून सर्व्हरपासून व्हीलॅन २० च्या गेटवेपर्यंत (स्विचच्या त्या इंटरफेसच्या पत्त्यापर्यंत) परतीचा रस्ता असावाच लागतो. डिस्कव्हर पोहोचतोय, ऑफर निघतेय, पण यंत्राला काहीच मिळत नाहीये, असं दिसलं तर मी आधी हा परतीचा रूट बघतो.

वगळण्याची ओळ आधी

आता प्रत्यक्ष ओळी. सिस्कोच्या स्विचवर कर्मचाऱ्यांचा पूल साधारण असा दिसतो. आज्ञा अर्थात इंग्रजीतच टाइप करायच्या, इथे त्यांचा उच्चार लिहिला आहे.

आयपी डीएचसीपी एक्सक्लूडेड-अ‍ॅड्रेस १९२.१६८.२०.१ १९२.१६८.२०.४९
आयपी डीएचसीपी पूल स्टाफ
नेटवर्क १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.०
डिफॉल्ट-राउटर १९२.१६८.२०.१
डीएनएस-सर्व्हर १९२.१६८.१०.५
लीज ० ८

पहिली ओळ पूलच्या बाहेर आहे, तीही सर्वांत वर. हा क्रम मी मुद्दाम पाळतो. 'नेटवर्क' ही ओळ लिहिली की त्या सबनेटमधले सगळेच्या सगळे पत्ते वाटपाला खुले होतात. चोवीसच्या मास्कमध्ये (२५५.२५५.२५५.०) २५६ पत्ते, त्यातले पहिला आणि शेवटचा सोडून २५४. स्विच आपल्या इंटरफेसचा पत्ता आपोआप वगळतो, पण तुमचा प्रिंटर, फाइल सर्व्हर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर हे त्याला माहीत नसतात. चालू नेटवर्कवर पूल आधी केला आणि वगळायची ओळ दोन मिनिटांनी टाकली, तर तेवढ्या वेळात एखाद्या फोनने प्रिंटरचा पत्ता पटकावलेला असू शकतो.

यावरून एक प्रसंग सांगतो. एका कार्यालयात रोज सकाळी प्रिंटर बंद पडल्याची तक्रार येई, दुपारी तो आपोआप चालू होई, आणि पुन्हा दुसऱ्या सकाळी तेच. प्रिंटर बदलून झाला, केबल बदलून झाली. प्रिंटरला हाताने १९२.१६८.२०.६३ दिलेला होता आणि पूलमधून फक्त पहिले दहा पत्ते वगळलेले होते. तो पूल मीच केला होता. रात्री प्रिंटर बंद असायचा. सकाळी लवकर येणाऱ्यांचे लॅपटॉप पत्ता मागायचे आणि त्यातल्या एकाला ६३ मिळायचा. मग कोणीतरी प्रिंटर चालू करायचं आणि एकाच पत्त्यावर दोन यंत्रं भांडायला लागायची. दुपारी तो लॅपटॉप बाहेर गेला की भांडण मिटायचं.

पत्ता देण्याआधी स्विच तपासत नाही का, हा प्रश्न तेव्हा मलाही पडला होता. तपासतो. सिस्कोचा स्विच ऑफर देण्याआधी त्या पत्त्यावर दोनदा पिंग करतो, म्हणजे कोणी आहे का अशी हाक मारतो, आणि प्रत्येक वेळी ५०० मिलिसेकंद उत्तराची वाट बघतो. पण बंद प्रिंटर पिंगला उत्तर देत नाही, आणि फायरवॉलमुळे कित्येक चालू यंत्रंही देत नाहीत. म्हणून पिंगवर विसंबून चालत नाही. हाताने दिलेले पत्ते आणि पूलचे पत्ते यांच्यामध्ये स्पष्ट सीमा हवी. त्या दिवसापासून मी १ ते ४९ हाताने द्यायला आणि ५० पासून पुढचे पूलला, अशी वाटणी ठेवतो. मोठ्या जागी पहिले १०० राखून ठेवावेत. आकडा कोणताही घ्या, पण सगळ्या व्हीलॅनमध्ये एकच ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी वही उघडावी लागत नाही.

वगळण्याची ओळ कुठे लिहायची हे कंपनीगणिक बदलतं. हुवावेच्या स्विचवर ती पूलच्या आत जाते आणि गेटवेसाठी 'गेटवे-लिस्ट' लिहावं लागतं. शिवाय तिथे आधी 'डीएचसीपी एनेबल' करावं लागतं आणि व्हीलॅन इंटरफेसवर जाऊन 'डीएचसीपी सिलेक्ट ग्लोबल' सांगावं लागतं. सिस्कोची सवय असलेला माणूस ही शेवटची ओळ हमखास विसरतो आणि पूल अगदी बरोबर असूनही पत्ते मिळत नाहीत.

मुदत माणसांच्या वागण्यावरून ठरवा

वरच्या उदाहरणातल्या 'लीज ० ८' चा अर्थ शून्य दिवस, आठ तास. ही ओळ लिहिलीच नाही तर सिस्कोमध्ये एक दिवसाची मुदत लागू होते.

आठ तासांची मुदत मिळालेलं यंत्र आठ तास पुरे होईपर्यंत थांबत नाही. निम्मा वेळ गेला की, म्हणजे चार तासांनी, ते त्याच सर्व्हरला थेट विचारतं: मुदत वाढवून द्या. हो म्हटलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू. उत्तरच आलं नाही तर ते आहे तोच पत्ता वापरत राहतं आणि साडेसत्त्याऐंशी टक्के वेळ गेल्यावर, म्हणजे सातव्या तासाला, सगळ्यांनाच विचारू लागतं. आठ तास संपले तरी कोणी ओ दिली नाही, तर पत्ता सोडतं. त्यामुळे सर्व्हर सकाळी बंद पडला तरी बोंब दुपारी होते, आणि तीही सगळ्यांची एकदम नाही. कारण शोधताना हे डोक्यात असलं की वेळ वाचतो.

मुदत किती ठेवायची? माणसं येतात कशी, थांबतात किती, यावर. पाहुण्यांच्या वायफायचं गणित करून बघू. पूलमध्ये वाटायला २४४ पत्ते आहेत. दर तासाला ३० नवे फोन येतात आणि प्रत्येक जण अर्धा तास थांबतो. म्हणजे कोणत्याही क्षणी तिथे पंधराएक फोन असतात. २४४ पत्ते उदंड वाटतात. पण जाताना फोन सहसा पत्ता परत करत नाही, तो फक्त निघून जातो. मुदत एक दिवसाची असेल तर त्याचा पत्ता उद्यापर्यंत अडकून राहतो. तासाला ३० प्रमाणे आठ तासांत २४० पत्ते गेले. नवव्या तासाला आलेल्या बहुतेकांना पत्ता नाही, आणि खोलीत माणसं फक्त पंधरा. हाच पूल, मुदत एक तास केली की पन्नासाच्या आत भागतो. इथे सबनेट मोठं करायची गरजच नव्हती.

उलट, कर्मचाऱ्यांच्या टेबलावरच्या संगणकांना तासाभराची मुदत देण्यात अर्थ नाही. तिथे आठ तास ते काही दिवस ठीक. मुदत लांब असली की सर्व्हर थोडा वेळ बंद राहिला तरी कोणाला जाणवत नाही.

पत्ते खरोखरच कमी पडत असतील तर मास्क तेवीसचा करता येतो, १९२.१६८.४०.० पासून ४१.२५५ पर्यंत, ५१० वापरता येण्याजोगे पत्ते. मात्र मास्क पूलमध्ये बदलून भागत नाही. व्हीलॅन इंटरफेसवरचा मास्कही बदलायचा आणि हाताने पत्ता दिलेल्या प्रत्येक यंत्रावरचाही. यातलं एखादं राहिलं की निम्म्या यंत्रांशी बोलणं होतं आणि निम्म्यांशी नाही, आणि अशी अर्धवट बिघाडाची कोडी सोडवायला सगळ्यांत जास्त वेळ जातो.

मुदतीचा आणखी एक उपयोग आहे. डीएनएस सर्व्हर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर, बदलायचा असेल तर पूलमधली ओळ बदलल्याबरोबर सगळ्यांना नवा पत्ता कळत नाही. सतत चालू असलेलं यंत्र मुदत वाढवायला येईल तेव्हाच ते नवीन माहिती घेईल. मुदत आठ दिवसांची असेल तर त्याला चार दिवस लागू शकतात. म्हणून असा बदल ठरला की आठवडाभर आधी मुदत तासाभरावर आणायची, बदल करायचा, सगळं स्थिर झालं की पुन्हा वाढवायची.

गेटवे आणि डीएनएसशिवाय पूलमधून बरंच काही सांगता येतं. या प्रत्येक गोष्टीला ऑप्शन नंबर असतो: गेटवेचा ३, डीएनएसचा ६, मुदतीचा ५१. सिस्कोच्या आयपी फोनना त्यांची फाइल कुठून घ्यायची हे १५० नंबरच्या ऑप्शनने कळतं. वायफायच्या अ‍ॅक्सेस पॉइंटना कंट्रोलर शोधायला ४३ वापरतात. फोन नुसतेच चालू-बंद होत राहिले, पत्ता मात्र मिळालेला दिसला, तर हा ऑप्शन राहिला का ते बघा.

एखाद्या यंत्राला कायम तोच पत्ता हवा असेल तर त्याच्या मॅकवर, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकावर, बांधून देता येतो. सिस्कोमध्ये त्यासाठी त्या एका यंत्राचा वेगळा छोटा पूल करावा लागतो, आणि 'क्लायंट-आयडेंटिफायर' लिहिताना मॅकच्या आधी ०१ जोडावं लागतं. हे ०१ म्हणजे इथरनेट. ते विसरलं तर बांधलेला पत्ता मिळत नाही, यंत्राला साध्या पूलमधला दुसराच पत्ता मिळतो. फोनसाठी मात्र हा मार्ग भरवशाचा राहिलेला नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर आपला खरा मॅक न सांगता बनवलेला मॅक सांगतात, आणि तो बदलू शकतो. बदलला की स्विचच्या दृष्टीने तो नवा फोन.

सगळं बरोबर असूनही पत्ता मिळत नाही, तेव्हा

दोन गोष्टी नेहमी नजरेतून सुटतात. पहिली स्पॅनिंग ट्री, म्हणजे स्विच एकमेकांना जोडल्यावर निरोप गोल-गोल फिरत राहू नयेत यासाठीची व्यवस्था. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत केबल लावल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं आणि मगच वाहतूक सोडतं. या ३० सेकंदांत यंत्राचे सुरुवातीचे डिस्कव्हर वाया जातात आणि ते १६९.२५४ घेऊन बसतं. ज्या पोर्टला संगणक किंवा फोन लागतो तिथे ही वाट बघणं टाळणारं 'पोर्टफास्ट' चालू करायचं; दुसरा स्विच लागतो तिथे नाही.

दुसरी, परका सर्व्हर. कोणीतरी घरगुती वायफाय राउटर आणून भिंतीतल्या पोर्टला लावतो, आणि तो राउटरही इमानेइतबारे पत्ते वाटू लागतो. काही जणांना १९२.१६८.२०, काही जणांना १९२.१६८.१ किंवा असंच दुसरं काही मिळत असेल, तर शंका अशा परक्या राउटरवर घ्यायची. यावर उपाय डीएचसीपी स्नूपिंग. सर्व्हरकडे जाणारं पोर्ट विश्वासू ठरवायचं. बाकी कुठूनही ऑफर आली तर स्विच ती तिथेच टाकून देतो. स्नूपिंग चालू केल्याबरोबर पत्ते येणंच थांबलं, तर घाबरून ते बंद करू नका. अ‍ॅक्सेस स्विच, म्हणजे यंत्रं ज्याला लागतात तो खालचा स्विच, निरोपाला ८२ नंबरचा ऑप्शन चिकटवतो, आणि वरचा सिस्को स्विच असा निरोप, त्यात रिलेचा पत्ता नसेल तर, नाकारतो. वरच्या स्विचला अशा निरोपांवर विश्वास ठेवायला सांगायचं, किंवा खालच्या स्विचला ८२ चिकटवू नको म्हणायचं.

तपासायला 'शो आयपी डीएचसीपी बाइंडिंग' ही आज्ञा: कोणता पत्ता कोणाकडे आणि कधीपर्यंत. तिच्याइतकीच उपयोगी पण कमी वापरली जाणारी 'शो आयपी डीएचसीपी कॉन्फ्लिक्ट'. ज्या पत्त्यावर आधीच कोणीतरी बसलेलं आढळलं, तो पत्ता स्विच या यादीत टाकतो आणि आपण 'क्लिअर' करेपर्यंत कोणालाच देत नाही. कित्येक महिने कोणी बघितलं नाही की ही यादी वाढत जाते आणि पूल हळूहळू आटतो. पत्ते पुरत नाहीत म्हणून सबनेट वाढवायला निघण्याआधी ही यादी बघा.

राहिली वीज. कॉन्फिगरेशन सेव्ह केलं तरी बाइंडिंगची नोंदवही त्यात जात नाही. ती मेमरीत असते आणि स्विच रीस्टार्ट झाला की पुसली जाते. यंत्रांकडे त्यांचे पत्ते असतात, स्विचच्या लेखी मात्र सगळा पूल मोकळा. इथे त्या दोन पिंगचा उपयोग होतो, पण फायरवॉलआडच्या यंत्रांपुढे ते पुरत नाहीत. वारंवार वीज जात असेल तिथे 'आयपी डीएचसीपी डेटाबेस' लिहून नोंदवही दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ठेवायची. मग स्विच परत उठल्यावर आधी ती फाइल वाचतो आणि कोणाला काय दिलं होतं हे त्याला कळतं.